हे बरं की मघाचं?

ताईचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतात. दुकान त्यांचं नाही, पण आत शिरणाऱ्याला तसं वाटू नये याची ते पुरेपूर काळजी घेतात. मालक बिचारा पुढे काउंटरवर बसून फ्रेमा पुसतो आणि भावोजी मागच्या अंधाऱ्या खोलीत, पडद्याआड, दुकान चालवतात. माणसाला उंच खुर्चीवर बसवायचं, नाकावर ती जड गोल चौकट चढवायची, तिच्यात एक काच घालायची, काढायची, दुसरी घालायची आणि विचारायचं, "हे बरं की मघाचं?" या चार शब्दांवर त्यांचा संसार उभा आहे.

त्या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नाही, हे मी त्यांची मेव्हणी असूनही मान्य करते. म्हातारी माणसं बाकावर ताटकळत बसतील, पण डोळे त्यांनाच दाखवतील. घाई नाही, चिडचिड नाही, आणि समोरच्याने "दोन्ही सारखंच वाटतं" म्हटलं तरी चेहऱ्यावरची रेष हलत नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. अडचण एवढीच, की दुकान संध्याकाळी बंद होतं आणि भावोजी होत नाहीत.

घरी आले की पंखा तीनवर बरा की चारवर. पलंगाचं डोकं खिडकीकडे बरं की मघाशी होतं तसं भिंतीकडे. टीव्हीवर रंग थोडा वाढवला, हे बरं? थोडा कमी केला, की हे? दुकानात गिऱ्हाईक खरं बोलतं, कारण डोळे त्याचे असतात आणि बिलही त्याचंच असतं. घरात खरं बोललं तर काय होतं, ते ताईला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात कळलं. "मघाचं बरं होतं" असं ती एका पडद्याबद्दल म्हणाली होती. तो पडदा लागायला दुपारची संध्याकाळ झाली आणि चहा राहिला तो राहिलाच.

तेव्हापासून त्या घरात एक सोपी वाट पडली. त्यांनी विचारायचं आणि आपण म्हणायचं, "हे बरं." की सुटका. ताईच्या सासूबाई या विद्येत सगळ्यांच्या पुढे आहेत. प्रश्न पुरा व्हायच्या आत, मान न वळवता, त्या "हे बरं" म्हणून टाकतात. एकदा तर भावोजींनी अजून टीव्हीला हातच लावला नव्हता, तरी त्यांना हे बरं वाटलं. भाची शिकायला लांबच्या गावी गेली आणि तिथल्या खोलीत पंख्याला एकच वेग आहे हे फोनवर इतक्या आनंदाने सांगत होती, की मला तिचा हेवा वाटला.

असं हे सुखी घर. त्यात इंटरनेट आलं.

कंपनीच्या माणसाने पॅसेजमध्ये उंचावर एक पांढरा डबा ठोकला, घरातल्या सगळ्यांना तो दाखवला आणि जाताना बजावलं, की आतलं सगळं आधीच लावून दिलंय, कोणी हात लावू नका. बिचाऱ्याला काय माहीत. "हात लावू नका" हे भावोजींना आमंत्रणासारखं ऐकू येतं. त्याची पाठ वळली आणि हे स्टुलावर चढले. मोबाइलवर डब्याच्या सेटिंगचं पान उघडलं आणि पुढचे काही दिवस घरात त्याच गोष्टी. कुठलं तरी चॅनल बदललं, कुठलं तरी खोकं टिकमार्क करून बघितलं, आणि दर वेळी आतल्या खोलीकडे तोंड करून विचारलं, हे बरं की मघाचं. आतून तत्परतेने उत्तर येत होतं.

असं फिरता फिरता त्यांना एक आकडा दिसला. पॅकेटचा आकार, १४९२. आता हा आकडा कुणालाही बरा दिसणार नाही. पंधराशे का नाही? भावोजींनी शोध घेतला, तेव्हा कुठल्याशा चर्चेच्या पानावर एका महाभागाने लिहिलेलं सापडलं, की पॅकेट जास्तीत जास्त पंधराशेचं असू शकतं. झालं. आपल्या हक्काचे आठ कंपनी खातेय, असा निष्कर्ष निघाला. त्यांनी आकडा पंधराशे केला आणि सासूबाईंना विचारलं. त्या मालिका बघत होत्या. त्यांना पंधराशे बरं वाटलं.

आता ताईबद्दल सांगते, कारण पुढचा सगळा त्रास तिच्या वाट्याचा आहे. भाची गेल्यावर ताईचं घर एकदम मोठं झालं. ती शिवणकामात पहिल्यापासून हुशार. कॉम्प्युटरवर भरतकामाची डिझाइनं काढायचा एक कोर्स तिने केला, कोणाला न विचारता, आणि गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्याचं काम मिळवलं. शर्टाच्या खिशावर जी चिन्हं भरलेली असतात ना, त्यातला एकेक टाका कुठून कुठे जायचा ते ती स्क्रीनवर आखते. ती फाइल कारखान्यात पोचली की यंत्र तिच्याबरहुकूम भरत सुटतं. पहिलं डिझाइन शर्टावर उमटलं तेव्हा मॅनेजरबाईंनी तिला त्याचा फोटो पाठवला. ताईने तो मला दाखवला, सासूबाईंना दाखवला, आणि भाजीवाल्याला दाखवताना मी तिला स्वतः पाहिलं आहे. इतक्या वर्षांत माझी बहीण स्वतःच्या कशाबद्दल एवढं बोललेली मी ऐकली नव्हती.

पंधराशेचं राज्य आल्यापासून तिच्या फाइली जाईनाशा झाल्या. गंमत अशी, की बाकी बरंच काही चालत होतं. मॅनेजरबाईंचा निरोप येई, ताईचं "हो, पाठवते" जाई, पण पाठवायला बसलं की किती गेलं ते दाखवणारी निळी पट्टी थोडी सरकायची आणि तिथेच ठाण मांडायची. काही साइट झटकन उघडत, काही नुसत्या गरगरत राहत. मोबाइलवरून पाठवून बघितलं, तर ताईच्या खोलीत रेंज येते ती फक्त खिडकीच्या गजाला चिकटलं तर, आणि फाइल अर्ध्यावर तुटते. दोनदा ती पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकून बस बदलत गावाबाहेरच्या कारखान्यात देऊन आली. दुसऱ्या खेपेला मॅनेजरबाईंनी पाणी विचारलं आणि नंतर सांगितलं, की पुढची मोठी ऑर्डर आहे, तिची फाइल गुरुवारी पाचपर्यंत नेटवरूनच इथे दिसली पाहिजे. नाही तर घरून काम करणारी दुसरी कोणी तरी बघावी लागेल. गोड आवाजात सांगितलं, असं ताई म्हणाली.

एवढं झाल्यावर भावोजींनी लक्ष घातलं. म्हणजे काय केलं, तर डबा पॅसेजच्या या भिंतीवरून त्या भिंतीवर नेला. वायर बदलली. ताईचं टेबल खिडकीपासून हलवलं. ताईची खुर्चीसुद्धा हलवली, तिच्यात कुठलं इंटरनेट होतं देव जाणे. प्रत्येक फेरीनंतर ठरलेला प्रश्न आणि ठरलेलं उत्तर. "हे बरं" असं त्या माउलीने सांगायचं आणि ते दुकानात गेले की निळ्या पट्टीसमोर डोकं धरून बसायचं. कंपनीला फोन करू या, असं मी म्हटलं, तर ते माझ्याकडे असे बघू लागले, जणू डोळे तपासायला मी त्यांना न्हाव्याकडे पाठवतेय.

गुरुवारी मी रजा टाकून सकाळीच तिच्याकडे गेले. भावोजींनीही रजा टाकली होती. आता तक्रार कोणाकडे करणार. मी सरळ कंपनीचा नंबर फिरवला, तो लागेपर्यंत दुपार झाली, आणि लागल्याबरोबर फोन त्यांच्या हातात दिला. पलीकडे एक बाई होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, पॅकेटच्या आकाराला कोणी हात लावलाय का. भावोजींनी घसा साफ केला आणि आकडा योग्य तोच आहे असं सांगितलं. त्या बाईने खूप माणसं बघितली असावीत. तिने वाद घातला नाही. नेटवरून जे जातं ते तुकड्या-तुकड्यांनी, म्हणजे पॅकेटांनी जातं, ती म्हणाली, आणि आमची लाइन नाव-पासवर्डाने जोडली जाते, म्हणून प्रत्येक तुकड्यावर आठचं वेष्टन चढवावं लागतं. तुकडा आधीच काठोकाठ असला तर वेष्टनासकट तो मावत नाही, आणि वाटेत कोणी तरी तो गुपचूप टाकून देतं. लहान निरोप जातात, कारण ते लहान असतात. मोठी फाइल अडते. तुमचाच आकडा बरोबर वाटत असेल तर मोजून बघा, असं म्हणून तिने मोजायची रीतही सांगितली.

मोजायचं म्हटल्यावर भावोजींचा चेहरा उजळला. हे त्यांच्या जातकुळीचं काम होतं. कॉम्प्युटरवरून एका ठराविक आकाराचं पॅकेट पाठवायचं, त्याला ताकीद द्यायची की वाटेत तुकडे होऊ द्यायचे नाहीत, आणि उत्तर येतं का ते बघायचं. आलं तर आकार वाढवायचा, नाही आलं तर कमी करायचा. शेवटी जो जाईल तो मोठ्यात मोठा आकार, त्यात पॅकेटच्या स्वतःच्या पत्त्याबित्त्याचे अठ्ठावीस मिळवायचे, की झाला आपला आकडा. म्हणजे काच घालायची, काच काढायची.

कामाची वाटणी त्यांनी केली. ताई कॉम्प्युटरसमोर, ते पॅसेजमध्ये डब्याखाली, हातात मोबाइल आणि कागद. मी म्हटलं, तुम्ही आत येऊन स्क्रीन बघा की. त्यावर त्यांनी मला शांतपणे समजावलं, की तपासणाऱ्याने कधी तक्त्याकडे बघायचं नसतं, ज्याचे डोळे आहेत त्याने बघायचं आणि सांगायचं. इतकं शास्त्रशुद्ध ऐकल्यावर मी चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले.

तिथून सगळं ऐकू येत होतं. चौदाशे टाक, गेलं? हो, गेलं. साडेचौदाशे टाक, गेलं? हो. त्यांचा आवाज दुकानातला होता, मऊ, बिनघाईचा. मधेच मॅनेजरबाईंचा निरोप आला, फाइल कुठवर आली म्हणून, आणि ताईने "पाठवतेय" असं लिहिल्याचं मला टकटक आवाजावरून कळलं. मग भावोजी म्हणाले, आता चौदाशे बहात्तर. हे गेलं तर आपलं पंधराशेच बरोबर.

"गेलं ना? बरं आहे ना हे?"

"हो," ताई म्हणाली. "बरं आहे."

मी कप घेऊन बाहेर आले तेव्हा भावोजी स्टुलावरून उतरले होते आणि विजयी मुद्रेने कागदावर १५०० ला गोल करत होते. कंपनीच्या बाईंना काही कळत नाही, हे त्यांनी दयाळूपणे सांगितलं. सेटिंग आधीपासूनच बरोबर होती, दोष असलाच तर कारखान्याकडे असणार. ताईने फाइल पुन्हा पाठवायला घेतली. निळी पट्टी थोडी सरकली आणि तिथेच थांबली. पाचला काही फार वेळ राहिला नव्हता.

मी कप टेबलावर ठेवला आणि माझं लक्ष स्क्रीनवरच्या मागच्या काळ्या खिडकीकडे गेलं, जिच्यात त्या चाचण्या चालल्या होत्या. सगळ्या ओळी तिथे तशाच होत्या. चौदाशेला उत्तर आलेलं, साडेचौदाशेला उत्तर आलेलं. शेवटच्या, चौदाशे बहात्तरच्या खाली एकाखाली एक चार ओळी, चारही सारख्या, वेळ संपली, उत्तर नाही अशा अर्थाच्या. मी त्या दोनदा वाचल्या. मग ताईला विचारलं, हे तर गेलंच नाही, तू हो का म्हणालीस.

ताईने स्क्रीनकडे बघितलं. खोटं पकडलं गेलेल्या माणसासारखा तिचा चेहरा नव्हता. झोपेतून उठवल्यासारखा होता.

"त्यांनी विचारलं ना," ती म्हणाली. "ते विचारतात तेव्हा तोंडातून हो निघतं गं. मी बघत पण नाही."

भावोजी दारात उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. मी इतकी वर्षं ज्या क्षणाची वाट बघत होते तो हाच, आणि मी टेबलावरचा कप उगाच सरळ करत राहिले. माणसाला आयुष्यात एकच गोष्ट उत्तम येत असावी आणि तीच गोष्ट घरात कोणी मनावर घेत नसावं, हे त्याला असं भर दुपारी कळावं, याचं मला वाईट वाटलं. सासूबाईंनी सुद्धा आतल्या खोलीत टीव्हीचा आवाज कमी केला.

ते आत आले, ताईच्या खुर्चीमागे उभे राहिले आणि स्क्रीनकडे बघू लागले. ताईने स्वतःच आकडा कमी केला. चौदाशे अडुसष्ट, उत्तर नाही. चौदाशे चौसष्ट, आणि चार उत्तरं आली, भराभर, एकाखाली एक. तिने पासष्ट करून बघितलं. नाही. पुन्हा चौसष्ट. आलं. या वेळी कोणी कोणाला काही विचारलं नाही. अठ्ठावीस मिळवल्यावर चौदाशे ब्याण्णव झाले, म्हणजे कंपनीचा माणूस जो आकडा लावून गेला होता तोच. भावोजींनी मोबाइलवर तो टाकला, आणि डबा बंद होऊन चालू व्हायची वाट बघत आम्ही तिघं उभे राहिलो.

पट्टी सरकली. सरकत राहिली. अर्ध्यावर आली तेव्हा ताईने माझा हात धरला आणि शेवटापर्यंत सोडला नाही. फाइल पोचली, मॅनेजरबाईंचा निरोप आला, त्यात एक अंगठा होता. ताई खुर्चीत मागे रेलली आणि हसली आणि लगेच डोळे पुसायला लागली. पाच अजून वाजले नव्हते. तिचं काम हातचं गेलं नव्हतं, आणि मला बहिणीचा इतका अभिमान वाटला, की मी भावोजींनाही गरम चहा करून आणला.

त्यांनी तो घेतला, पण प्यायले नाहीत. बराच वेळ कपाकडे बघून त्यांनी विचारलं, "आणखी काय काय बरं नव्हतं?"

आतून सासूबाई म्हणाल्या, "टीव्ही. सगळे हिरवे दिसतात मला."

मला हसू आवरेना. भावोजींनाही आलं, जरासं. मी म्हटलं, आता यादीच करा, पंख्यापासून सुरुवात करा. पण ते ताईकडे बघत होते. ताई हातातला रुमाल घडी करत होती, उलगडत होती.

"चष्मा," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिच्या नाकावर जो चष्मा होता, तो त्यांनीच तपासून, त्यांनीच करून दिलेला होता, जसे तिचे आजवरचे सगळे चष्मे. रात्री जेवणं झाल्यावर, दमून, दुकानातून घरी आणलेल्या त्या चौकटीत काचा घालत त्यांनी विचारलं होतं आणि ती हे बरं, हे बरं म्हणत गेली होती. तो लावून ती एकेक टाका आखत होती.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"मला वाटायचं असंच दिसत असेल सगळ्यांना," ताई म्हणाली. "तुम्ही एवढं करताय तर."

त्यांनी तिच्या नाकावरचा चष्मा हलकेच काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि परत लावून दिला. मग कप उचलून स्वयंपाकघरात गेले. नळ बराच वेळ चालू होता.

दुसऱ्या दिवशी ते ताईला दुकानात घेऊन गेले. मीही गेले, मला चैन पडेना. दुकानात डोळे तपासायला अलीकडेच एक मुलगी लागली आहे. तिच्यापुढचं बाकडं रिकामं असतं, कारण सगळ्यांना भावोजीच हवे असतात. भावोजींनी ताईला तिच्याकडे दिलं. वेळ लागला तरी चालेल, असं तिला दोनदा सांगितलं, आणि स्वतः बाहेर गिऱ्हाइकांच्या बाकावर येऊन बसले. मालकाने आश्चर्याने फ्रेम पुसायची थांबवली. एक आजोबा नेहमीप्रमाणे त्यांच्यासाठी थांबले होते, त्यांना भावोजींनी आज थोडं बसा म्हणून सांगितलं.

पडद्याआडून ती मुलगी प्रश्न विचारत होती. आधी ताईचा आवाज येईना. मग आला, बारीक, अडखळत, आणि पुढे पुढे स्पष्ट. नाही. हेही नाही. मघाचं जरा बरं होतं, पण तेही नाही. भावोजी गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होते. प्रत्येक नाहीला त्यांची मान किंचित हलत होती, आतली मुलगी बरोबर काचा निवडतेय का ते जोखत असल्यासारखी. ताईला बराच वेळ लागला.